सायबांच्या कोटाची ट्रायल

चौकातल्या पुतळ्यापुढं आलं की माणसं चप्पल काढतात, हात जोडतात, कुणी डोळे मिटून घेतात. आमचे लिंबाजी मास्तर हात जोडायचे, टक लावून वर बघायचे आणि रोज एकच वाक्य म्हणायचे, "सायब, खांदा उतरलाय. माफी असावी."

तीस वर्षं! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, स्वतःच्याच खांद्याचं गाऱ्हाणं घालतायत. पण नाही. खांदा सायबांचा, म्हणजे सायबांच्या सिमेंटच्या कोटाचा. ज्या कुणी तो जुना पुतळा घडवला, त्यानं कोटाची खांद्याची शिवण चांगली चार बोटं खाली दंडावर आणून ठेवली होती. उभ्या अहमदपुरात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी तर रोज त्या चौकात चहा पितो.

पुतळा कुणाचा, ते मी मुद्दाम सांगत नाही. नाव घेतलं की तुम्ही सगळे उठून उभे राहाल, आणि मला तर तुम्हाला थोडा वेळ बसवून लिंबाजी मास्तरांबद्दल सांगायचंय. साऱ्या देशाचा मोठा माणूस, एवढं पुरे. आमच्याकडं त्यांना नुसतं 'सायब' म्हणतात.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. मी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, तरी गावात कुणी 'मास्तर कुठं राहतात' म्हणून विचारलं तर लोक लिंबाजीच्या दुकानाकडं बोट दाखवतात. मी आपला नुसता 'सर'. आता याचं मला वाईट वाटत नाही. आधी लई वाटायचं.

मास्तरांची दुसरी खोड टेपची. टेप कायम गळ्यात. आणि गिऱ्हाईक कितीही जुनं असो, दरवेळी माप नव्यानं. एकदा वैतागून मी म्हणालो, "अहो, मागच्या महिन्यातच घेतलं की माप!"

"मागच्या महिन्यापासून जेवला न्हाई का तुमी?"

"जेवलो."

"मग हात वर करा."

एका वरातीत तर त्यांनी नवरदेवाला घोड्यावरून खाली उतरवलं होतं. कोट दुसऱ्याच टेलरनं शिवलेला, आणि बाही मनगटाच्या खाली आलेली. बँडवाले थांबले, नवरदेवाचा मामा अंगावर धावून आला. मास्तरांनी भर रस्त्यात सुई-दोरा काढून दोन्ही बाह्या आत टाचल्या आणि मामालाच म्हणाले, "आता चढवा. आता कसा, मानूस दिसायलाय." त्या मामानं पुढच्या वर्षी स्वतःच्या पोराच्या लग्नाचे सगळे कपडे मास्तरांकडंच टाकले.

तर झालं असं, की चौकात नवा, पूर्णाकृती, बारा फुटी ब्राँझचा पुतळा बसवायचं ठरलं. समिती झाली. मी चिटणीस झालो, कारण माझं अक्षर चांगलं आहे. पहिल्याच बैठकीला मास्तर दारात हजर.

"कोटाची ट्रायल कवा हाय?"

अध्यक्ष म्हणाले, "कसली ट्रायल?"

"ट्रायलबिगर कोट देत नसतेत. आदी कच्चा घालून बगायचा, मग पक्की शिलाई. ह्यो तर ब्राँझचा. एकदा ओतला की उसवता येनार हाय का?"

सगळे हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. पण मास्तर हलेचनात. दर बैठकीला येत, दाराजवळच्या स्टुलावर बसत आणि शेवटी हात वर करून विचारत, "ट्रायलचं काय झालं?" अध्यक्षांनी ऐकू न आल्यासारखं करावं आणि माझ्याकडं बघावं. शेवटी मीच म्हणालो, "नांदेडला मातीचा पुतळा पाहायला मला जायचंच आहे. मास्तरांना सोबत नेतो. एकदाचा जीव शांत होईल."

कुणाचा जीव, ते बोललो नाही.

एसटीत मास्तर धुतलेला पांढरा सदरा घालून, मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसले होते. लग्नाला निघाल्यासारखे. नांदेडला शिल्पकाराच्या शेडमध्ये शिरलो आणि मी आ वासून बघतच राहिलो. मातीतले सायब! तो चेहरा, ते कपाळ, ती नजर. माझे हात आपोआप जोडले गेले. आमच्या गावाच्या चौकात हे उभे राहणार, या विचारानं छाती फुगली.

मास्तरांनी हात जोडले, वर बघितलं आणि म्हणाले, "बटनं उलटी हायती."

शिल्पकार चाळिशीतला, सज्जन माणूस. म्हणाला, "आजोबा, काय उलटं आहे?"

"गड्यामानसाच्या कोटाची डावी बाजू वर येती. हितं उजवी वर हाय. ही बायकांच्या कपड्याची पद्धत झाली. वरचा खिसा डाव्या छातीवर पायजे, तो उजव्या छातीवर केलाय. आन् खांदा बी उतरलाय. पुन्ना!"

शिल्पकारानं भिंतीवरचा फोटो दाखवला. चेहऱ्यासाठी त्याच्याकडं पुष्कळ फोटो होते, पण कोट नीट दिसणारा एकच होता, समितीनं पाठवलेला. त्यात कोट अस्साच होता. "बघा, फोटोबरहुकूमच केलंय मी."

मास्तर फोटोला नाक लावून उभे राहिले. "मग फोटोच उलटा हाय."

तो फोटो मीच पाठवला होता. वाचनालयातल्या तसबिरीचा. नुसता फोटो काढायचा, तर मला हौस, तसबिरीशेजारी आपलंही तोंड यावं. म्हणून मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यानं काढला, तो आरशातल्यासारखा उलटा आला, आणि मी आपलं तोंड तेवढं कापून तसाच पाठवून दिला. म्हणजे माझ्या सेल्फीपायी सायबांच्या कोटाची बटणं फिरली होती. मग कबूल केलं. करतो काय?

शिल्पकार हसला, पण लगेच गंभीर झाला. उद्यापासून साचा घ्यायचा होता. कोट मोडून पुन्हा करायचा म्हणजे आठ दिवस गेले, आणि अनावरणाची तारीख तर पत्रिकेवर छापून झालेली. तो समजुतीनं म्हणाला, "आजोबा, लोक खालून चेहरा बघतात. बटणं कोण बघतंय? आणि खांदा मला तरी नजरेनं बरोबर वाटतोय."

मास्तरांनी गळ्यातला टेप काढून हातात घेतला. मग हळू आवाजात बोलले.

"नजरेनं नगा सांगू, दादा. माज्या बापाचं माप नजरेनंच घ्यायचे. आमाला शिवत नव्हते ना, मग टेप कसा लावनार? बाप ओट्याखाली उन्हात उभा ऱ्हायाचा, शिंपी वरून बगायचा आन् कापड फाडायचा. जलमभर बापाचा सदरा कदी ढगळ, कदी काखेत तंग. बाप म्हनायचा, आपलं आंगच येडंवाकडं हाय. तसं नव्हतं वो! चांगलं सरळ आंग व्हतं. म्या टेलरकी शिकून आलो, तवर बाप गेला. माप घ्यायचं ऱ्हाऊनच गेलं."

मला माझी चौतीस वर्षांची मास्तरकी आठवली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, की बाबा, दरवेळी टेप कशाला?

"सायबांमुळं आमाला आंगाबरोबर कपडा मिळाला," मास्तर म्हणाले. "त्यांच्याच आंगावर नजरेचं माप? न्हाई जमायचं."

मी तिथूनच अध्यक्षांना फोन लावला. चूक माझी आहे, आठ दिवस लागतील, तारीख पुढं ढकला, म्हणून सांगितलं. ते जे काही बोलले ते छापण्यासारखं नाही. शेवटी "बरं" म्हणाले. शिल्पकारानं शिडी आणून पुतळ्याला लावली आणि म्हणाला, "चढा, आजोबा. मी धरतो."

सत्तरीतला माणूस शिडीवर चढला. ओल्या मातीच्या खांद्यावर एक हात ठेवला, दुसऱ्या हातानं टेप लावला. आवाज दुकानातलाच होता. "सर, लिव्हा!" मी लिहीत गेलो. खांदा, छाती, बाही. दर मापाआधी मास्तर हळूच म्हणत, "सायब, हात लावतो."

त्या मापांनी कोट नव्यानं घडला, तारीख पुढं गेली, नव्या पत्रिका छापल्या, आणि तो दिवस उजाडला. काय गर्दी! जळकोटहून, मुरुडहून टेम्पो भरभरून माणसं आली. चौकात पाऊल ठेवायला जागा नाही. मंचावर पाहुणे मावत नव्हते आणि मास्तरांचं नाव यादीत नव्हतं. ते टाकायची जबाबदारी माझी होती. मी टाकलंही होतं, पण वरच्या वर कुणी तरी खोडलं. मग मीही मंचावरून उतरलो आणि गर्दीत मास्तरांशेजारी जाऊन उभा राहिलो.

पडदा सरकला. साऱ्या चौकानं एकच आवाज केला. अंगावर काटा आला, आजही येतो. शेजारी एक म्हातारी पांढरं लुगडं सावरत, मान वर करून बघत होती. नातीला म्हणाली, "बग गं, कोट कसा झ्याक बसलाय. जसा आंगावरच शिवला."

मास्तरांनी माझा दंड धरला. "सर, ऐकलं का?"

"ऐकलं."

"पुन्ना म्हनायला लावा की वो."

आता हे कसं करायचं? पण मी केलं. "मावशी, काय म्हणालात? ऐकू नाही आलं." म्हातारीनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि बहिऱ्याला सांगावं तसं ओरडून सांगितलं, "कोट म्हनलं, कोट! लई नामी शिवलाय. कोन टेलर हाय वो?"

मी मास्तरांकडं बोट दाखवलं आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून सांगितलं, "हे! आमच्या गावचे लिंबाजी मास्तर!"

तिनं एकदा पुतळ्याकडं बघितलं, एकदा मास्तरांकडं. तिला सगळं खरंच वाटलं असावं. पुढं होऊन तिनं मास्तरांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "हात लई चांगला हाय बाबा तुजा."

लिंबाजी मास्तर भर चौकात, सगळ्यांच्या देखत, लहान लेकरासारखे रडायला लागले. मी त्यांना आवरलं नाही. मलाच कुणीतरी आवरायला हवं होतं.