सावंतकाकांचा डावा हात

तुळिंजच्या आमच्या बिल्डिंगखाली किराणा दुकान चालवणारे सावंतकाका संध्याकाळपर्यंत डावा हात धूत नसत. त्यावर पेनाने लिहिलेल्या ऑर्डरी असत. तळव्यावर काउंटरच्या, मनगटाजवळ बाल्कनीतून दोरीने सोडलेल्या पिशव्यांच्या आणि पार कोपरापर्यंत फोनच्या. "कागद हरवतो. हात जाणार कुठे?" हे त्यांचं म्हणणं.

हात जागेवर राही, माल राहत नसे. साबुदाण्याचं शेवटचं पाकीट ते समोरच्या गिऱ्हाइकाला देत, त्याच वेळी फोनवर कबूल करत आणि मान वर करून माझ्या आईलाही ओरडत, "वहिनी, पिशवी सोडा!" ऐन संकष्टीला आमची पिशवी रिकामी वर येई. तक्रार केली की उत्तर ठरलेलं, "माल निघालाय." कुठून निघालाय, हे त्या मालालाही ठाऊक नसावं.

दोन हजार सालच्या आसपास स्टेशनजवळ सुपरमार्केट झालं आणि निम्मी बिल्डिंग तिकडे वळली. काका हबकले. त्यातच सोसायटीच्या सेक्रेटरींनी गणपतीच्या प्रसादाची भलीमोठी ऑर्डर फोनवर देऊन बजावलं, "सावंत, चारपर्यंत सामान आलं नाही, तर यापुढे आम्ही सगळे सुपरमार्केटात."

पाच वाजले तरी सामान नाही. मी खाली गेलो, तर काका स्वच्छ हातांनी बसलेले. शाईचा टिपूस नाही. डोक्यात काही ठेवायची त्यांना सवयच नव्हती, आणि सेक्रेटरी केव्हाच सुपरमार्केटात पोचले होते.

"हात धुतलात?" मी किंचाळलोच.

"तिसऱ्या मजल्यावर गोखले आजींना काडेपेटी द्यायला गेलेलो."

आजी एकट्या राहत आणि दिवसातून दोनदा फोन करून काहीतरी किरकोळ मागवत.

"बघतो तर दोन पानं वाढलेली. मुलगा येणार होता, आला नाही. म्हणाल्या, सावंत, तू बस जेवायला. पण हा असला हात घेऊन नाही, कोपरापर्यंत धू."

"मग सांगायचं ना, ऑर्डर आहे म्हणून!"

मला खरंच राग आला होता.

"सांगणार होतो रे. पण तुझी काकी गेल्यापासून मला 'हात धू, पान वाढलंय' असं कुणी म्हटलंच नव्हतं."