गाईड नसल्याचा दाखला

विद्यापीठाचं पत्र जोतीराम शिपायानं टेबलावर आणून ठेवलं, तेव्हा प्रा. निळकंठ सांगवडेकर स्टाफरूममध्ये चहात खारी बुडवत होते. एका हातानं त्यांनी पत्र उघडलं आणि दुसऱ्या हातातली खारी चहात पडली ती पडलीच. इतिहास विषयात पीएच.डी. करणाऱ्यांचे मार्गदर्शक म्हणून त्यांना मान्यता मिळाली होती! अर्ज तीनदा केला होता. दोनदा तो विद्यापीठात हरवला होता, आणि तिसऱ्यांदा बहुतेक हरवायचा राहून गेला असावा.

"जोतीराम!" सांगवडेकर खुर्चीतून अर्धे उठले. "अरे, गाईड झालो मी! गाईड!"

झालं. घोटाळा झाला तो इथंच. भला माणूस सरळ 'मार्गदर्शक' म्हणाला असता तर पुढचं रामायण टळलं असतं. पण आनंद झाला की आपल्या प्राध्यापक मंडळींना इंग्रजी आठवतं, त्याला कोण काय करणार?

जोतीरामला आपले सर काहीतरी झाले एवढं कळलं आणि तेवढ्यावर तो खूश झाला. "लई बेस झालं बघा सर!" म्हणाला, आणि पेढे मागायचं सोडून ही बातमी सांगायला बाहेर पळाला.

हे कॉलेज म्हणजे कागदोपत्री शिवलिंगाप्पा बेविनकट्टी कला महाविद्यालय. कोल्हापुरात मात्र त्याला सगळे 'गुळाचं कॉलेज' म्हणायचे. शाहूपुरीतल्या गुळाच्या जुन्या गोदामात ते भरायचं. संस्थेचे चेअरमन भरमाप्पाण्णा बेविनकट्टी हे गुळाचे अडते. वडिलांच्या नावानं त्यांनी गोदाम शिक्षणाला दिलं, पण गोदामातल्या मुंग्यांना ते कुणी कळवलं नव्हतं. त्या चौऱ्याहत्तर सालीसुद्धा बाकांखालून रांगेत चालत होत्या.

या कॉलेजात सांगवडेकरांची चौदा वर्षं गेली होती. इतिहासाचे विभागप्रमुख मे महिन्यात निवृत्त व्हायचे होते, आणि त्या खुर्चीवर सांगवडेकरांचा जीव जडला होता. नुसती खुर्ची नव्हे हो, तिच्यावर पंखा होता! पत्नी पद्मजाबाईंनी तर मुरगूडला माहेरी 'हे प्रमुख झाले' असं सांगूनही टाकलं होतं. 'होणार' म्हणायचं त्या विसरल्या. आता गाईड झाल्यावर आपल्याला कोण अडवतंय, असं सांगवडेकरांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची शिवगंगा चौघी मैत्रिणींना घेऊन पुढं आली.

"सर, आमाला गाईड पायजे हुतं."

सांगवडेकरांचा ऊर भरून आला. काय ही ज्ञानाची ओढ! "मिळेल की. पण आधी बी.ए. व्हा, मग एम.ए. करा, आणि मग या माझ्याकडे."

"आवो सर, बी.ए. व्हायलाच तर गाईड पायजे!"

"इतकी घाई बरी नव्हे. गाईड मिळालं म्हणजे संपलं असं नसतं. चार वर्षं रोज बसावं लागतं."

"चार वर्षं?" शिवगंगा हबकली. "एवढं जाडं हाय?"

सांगवडेकरांनी एकदा स्वतःच्या पोटाकडं बघितलं आणि विषय आवरता घेतला. मुलींनी मात्र त्याच संध्याकाळी महाद्वार रोडवरच्या पुस्तकवाल्याला बजावलं, की सांगवडेकर सरांचं लई जाडं गाईड निघतंय, आमच्या प्रती बाजूला ठेवा. पुस्तकवाला धंद्याचा पक्का. त्यानं दुकानाबाहेर तशी जाहिरात लिहिलेला फळाच लावला.

इकडं जोतीरामनं ही बातमी आपल्या मेव्हण्याला सांगितली. मेव्हणा पिराजी. तो स्टँडवर टॅक्सी चालवायचा आणि बाहेरगावच्या लोकांना पन्हाळा दाखवून आणायचा. त्याच्या लेखी गाईड म्हणजे गडावर हात वर करून बोलणारा माणूस, दुसरा अर्थच नाही. रविवारी सकाळी त्याची काळी गाडी सांगवडेकरांच्या दारात उभी राहिली.

"सर, हाईसा काय घरात?" पिराजीनं गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली. "हुबळीचं पावणं आल्यात! पन्हाळ्यासाठी गाईड पायजे म्हनत्यात. मी म्हटलं, आपलं सर हाईत की!"

सांगवडेकर दाढी अर्धी टाकून बाहेर आले. अहो, मान्यता मिळून चार दिवस झाले नाहीत, तोवर हुबळीहून संशोधक? आणि विषय पन्हाळा! "अगं, माझा कोट काढ," ते आत वळून म्हणाले.

"रविवारी कोट? आणि गालाला साबण तसाच आहे तुमच्या," पद्मजाबाई म्हणाल्या.

"परराज्यातला विद्यार्थी आलाय! पहिलाच!"

गाडीत मागं एक जाडजूड गृहस्थ, त्यांची पत्नी आणि चार मुलं बसली होती. संशोधक सहकुटुंब आलेला बघून सांगवडेकर जरा चपापले. पण संशोधनाला घरच्यांचा पाठिंबा असलेला बरा, असं म्हणून ते पुढं बसले. गडावर पोचताच त्यांनी मुद्द्याला हात घातला.

"आपला विषय नक्की कोणता?"

"तंबाखू," पाहुणे म्हणाले.

"उत्तम! म्हणजे व्यापाराचा इतिहास. आणि कालखंड?"

पाहुण्यांनी पत्नीकडं बघितलं, पत्नीनं घड्याळाकडं बघितलं. "दुपारी दोनपर्यंत," पाहुणे म्हणाले.

सांगवडेकर बुचकळ्यात पडले. तरी बोलायला लागल्यावर त्यांना भान राहिलं नाही. अंबरखान्याच्या जुन्या धान्यकोठारापुढं उभं राहून, हात वर करून, कोटाच्या बाह्या सावरत ते तासभर बोलले. ऐकायला आजूबाजूची आणखी दहा-बारा माणसं जमली. शेवटी पाहुण्यांनी त्यांचा हात हातात घेतला. "फार छान सांगता हो! एवढं पाठ कसं केलंत?" असं म्हणून तंबाखूचा एक पुडा त्यांच्या कोटाच्या खिशात कोंबला आणि सगळे जेवायला निघून गेले. आपण कसले गाईड ठरलो, ते सांगवडेकरांना तो पुडा बघितल्यावर कळलं.

त्या जमलेल्या माणसांत डोक्यावर पदर घेतलेल्या एक बाई होत्या. त्या हिराक्का, चेअरमन भरमाप्पाण्णांच्या पत्नी. त्याही आपल्या घरच्या पाहुण्यांना घेऊन गडावर आल्या होत्या, आणि त्यांनी आपल्या कॉलेजच्या मास्तरांना बरोबर ओळखलं.

सोमवारी सकाळीच सांगवडेकरांना अडतीवर बोलावणं आलं.

भरमाप्पाण्णा गादीवर बसले होते. मागं गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, छतापर्यंत चळत होती. "या मास्तर, बसा," ते म्हणाले. पण नेहमीसारखा गुळाचा खडा काही पुढं केला नाही. सांगवडेकर गादीच्या कडेला टेकले.

"गाईड काढलंय म्हनं तुमी?"

"काढलं नाही, अण्णा. मी गाईड झालो आहे."

"आँ? म्हंजे घरवाली म्हनती त्ये खरं? पन्हाळ्यावर?"

"नाही, नाही. विद्यापीठात."

"विद्यापीठात काय हाय ओ बघन्यासारखं?" अण्णा करवादले. "आनि मग पुस्तकवाल्यानं फळा कशाचा लावलाय?"

"कसला फळा?" सांगवडेकरांनी विचारलं. पाठोपाठ त्यांनी धीर करून सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. गाईडचे प्रकार तीन. पहिला प्रकार छापील. त्याच्याशी आपला संबंध नाही. दुसरा प्रकार गडावरचा. त्याच्याशीही नाही, काल झाला तो केवळ गैरसमज. आपण तिसऱ्या प्रकारातले.

"त्यो तिसरा काय करतोय?"

"विद्यार्थी प्रबंध लिहितो. गाईड त्याला सांगतो, हे असं लिही, हे तसं लिही, हे वाच, हे वाचू नको."

"म्हंजे पास व्हायला मदत?"

"तसं म्हणता येईल."

"यप्पा!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे गाईडच की ओ त्ये! आमच्या पुतन्याला, बंडूला, ह्या गाईडापायीच तीनदा म्याट्रिकला गटांगळी खायला लागली. पुस्तकात एक पान उलटं शिवलेलं, तर बेनं पेपरात उलटं लिवून आलं! त्या दिशी मी शपथ घेतली, माज्या कॉलेजात गाईडवाला मास्तर ठिवनार न्हाय. आता तुमीच सांगा. गाईड व्हायचं, का विभागपरमुख व्हायचं?"

आता आली का पंचाईत! सांगवडेकरांच्या डोळ्यांपुढं पंखा गरगरला. मुरगूडचे सासरे दिसले. चौदा वर्षांच्या मुंग्या दिसल्या. "प्रमुख," ते बारीक आवाजात म्हणाले.

"मग द्या लिवून."

कागद आला. अण्णा सांगत गेले आणि सांगवडेकर शुद्धलेखन सुधारत लिहीत गेले: 'मी लिहून देतो की मी गाईड नाही, पूर्वी कधी नव्हतो व पुढेही कधी होणार नाही.'

"कुठल्याबी परकारचा, असं घाला. पुस्तकातला, गडावरचा, आनि त्यो तुमचा तिसरा."

"अण्णा, तिसरा राहू द्या की. तो फार सज्जन प्रकार आहे."

"मग खुर्चीबी ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणाले.

सांगवडेकरांनी तिसरा घातला आणि खाली सही केली. मग कुठं गुळाचा खडा मिळाला.

घरी पद्मजाबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, गाईड झाल्याचं पत्र कपाटात, आणि गाईड नाही म्हणून लिहून देता? शहाणे का खुळे तुम्ही?"

"तू बघच ग," सांगवडेकर म्हणाले. आता त्यांना आपल्या हुशारीचं कौतुक वाटायला लागलं होतं. "हा कागद राहणार अडतीवर. ते पत्र राहणार विद्यापीठात. अण्णांना इतिहास माहीत नाही, विद्यापीठाला गूळ माहीत नाही. दोघांची गाठ पडणार कशी?"

गाठ पाडली प्राचार्यांनी. आले ते कागद चार ठिकाणी पाठवायचे, हा त्यांचा नित्यनेम. त्यातून अण्णांनी तो कागद मोठ्या अभिमानानं त्यांच्यापुढं टाकला होता. "विद्यापीठालाबी कळू द्या, आमचं मास्तर किती सोवळं हाय त्ये!" म्हणाले होते. प्राचार्यांनी खाली 'माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी' असं टंकून प्रत रवाना केली. आणि नवल बघा, जे विद्यापीठ अर्ज हरवायचं, त्यानं हा कागद नेमका जपून ठेवला.

मे महिन्यात सांगवडेकर विभागप्रमुख झाले. पंख्याखाली बसले. मुरगूडहून सासरे येऊन खुर्ची बघून गेले. सुखाचे असे सतरा दिवस गेले.

अठराव्या दिवशी अण्णांनी स्वतः कॉलेजात येऊन त्यांना प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. प्राचार्यांच्या हातात विद्यापीठाचं पत्र होतं, आणि ते त्यांनी शोकसभेच्या आवाजात वाचून दाखवलं. प्रा. सांगवडेकर यांनी स्वतः लेखी कळवल्यानुसार त्यांची मार्गदर्शक म्हणून असलेली मान्यता रद्द करण्यात येत आहे. तसेच यंदापासूनच्या नव्या नियमानुसार विभागप्रमुख हा मान्यताप्राप्त गाईड असणे आवश्यक असल्याने त्यांची नेमणूकही मान्य करता येत नाही.

सांगवडेकर उभ्याचे खाली बसले. गाईडही गेलं, खुर्चीही गेली, आणि दोन्ही गेल्याच्या कागदावर सही त्यांचीच!

"आता म्हंजे परमुख व्हायला गाईड असायला लागतंय?" अण्णांनी प्राचार्यांना विचारलं.

"हो, अण्णा. त्याशिवाय विभागच बंद करतील."

अण्णांनी ते पत्र हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं. बंडूची उलटी पानं त्यांच्या डोळ्यांपुढं येऊन गेली असावीत. पण धंद्यातला माणूस, बाजारभाव फिरला की फिरायचं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सांगवडेकरांकडं असं बघितलं, की त्यात राग होता आणि रागाहून जास्त दुःख होतं.

"काय ओ मास्तर हे? मी तुमास्नी एवढी मानाची खुर्ची दिली, आनि तुमी गाईड न्हाईसा?"

"अण्णा!" सांगवडेकरांचा आवाज चिरकला. "मी होतो! मी तुम्हाला सांगत होतो की मी आहे!"

"खोटं बोलू नगासा. तुमच्या हातचं लिवलेलं हाय माज्याकडं. पूर्वीबी नव्हतो म्हटलंय." अण्णांनी घरी जायला टोपी उचलली. दारापर्यंत गेले, थांबले, आणि मग माणूस वाईट नव्हता म्हणून मागं वळून जरा मऊ आवाजात म्हणाले, "जाऊ दे. मनाला लावून घिऊ नगासा. पर मास्तर, तुमच्या वळखीत कोन चांगला गाईड असला तर बघा की."