राजदूतांच्या आवडीचा पदार्थ

बाबांना काय आवडायचं हे देवश्रीला कुणी सांगायची गरजच नव्हती! अख्ख्या बेंगळुरूत, नव्हे, सोलपासून ढाक्यापर्यंतच्या टापूत ते तिला एकटीलाच ठाऊक होतं. थालीपीठ! तेही तिच्या हातचं.

हे ठाऊक असणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. तिचे बाबा, म्हणजे दामोदर, चौतीस वर्षं परराष्ट्र खात्यात होते आणि ती सगळी आशियात गेली. सोल, हनोई, यांगोन, ढाका. एवढ्या काळात त्यांच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द कुणी ऐकला नव्हता. लहानपणी देवश्रीनं सायकल मागितली तेव्हा ते म्हणाले होते, “तुझ्या प्रस्तावाचं मी मनापासून स्वागत करतो.” सायकल काही आली नाही, पण आपलं स्वागत झालं या आनंदात ती आठवडाभर बागडत होती! असा माणूस जेवायला बसला की आमटीत मीठ पडलंय की साखर, हे त्याच्या चेहऱ्यावरून ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

थालीपिठाची गोष्ट मात्र वेगळी. निवृत्त झाल्यावर ते दर रविवारी जयनगरहून दीड तास रिक्षात धक्के खात हेब्बाळला तिच्याकडे यायचे आणि दुसरं थालीपीठ मागून घ्यायचे. कधीकधी तिसरंही! सगळ्या जगाशी सभ्यपणे वागलेला माणूस आपल्याशी तेवढा खरा वागला. बाबा गेल्यापासूनच्या वर्षभरात बरंच काही निसटून गेलं होतं. हे एवढं एक तिनं घट्ट धरून ठेवलं होतं.

वर्षश्राद्धाचे विधी सकाळी मठात पार पडले. दुपारी जयनगरच्या घरी फोटोपुढे केळीचं पान मांडायचं आणि त्यावर त्यांच्या आवडीचा एक पदार्थ ठेवायचा, असं गुरुजींनी सांगितलं होतं. एकच! देवश्रीनं आदल्या दिवशी फोनवरच्या ग्रुपमध्ये लिहिलं, “उद्या पानावर बाबांच्या आवडीचा पदार्थ हवा. सगळ्यांनी जरूर यावं.” कुठलंही निवेदन चौघांनी तपासल्याशिवाय बाहेर सोडू नये, असं बाबा म्हणायचे ते उगीच नाही. वाचणाऱ्या प्रत्येकानं त्याचा अर्थ घेतला तो असा: पदार्थ आपण आणायचा!

देवश्री तव्यावर थालीपीठ थापत होती तेवढ्यात बेल वाजली. दारात महानंदा आत्या, बाबांची धाकटी बहीण. पातेलं तान्ह्या बाळासारखं कडेवर.

“गव्हाची खीर!” आत्या म्हणाली. “दादाला दुसरं काही सुचायचंच नाही गं. एक वाटी संपली की लगेच, ‘नंदे, अजून वाढ!’ पान कुठंय?”

देवश्री गालातल्या गालात हसली. बिचारी आत्या!

तोच वरच्या मजल्यावरच्या सोयराबाई उतरल्या. चारशे वर्षांपासून इथं असलेल्या घराण्यातल्या, त्यामुळे त्यांच्या मराठीला कन्नडची खमंग फोडणी. हातातल्या ताटात नाचणीच्या उकडीचे मुद्दे तोफगोळ्यांसारखे रचलेले.

“स्वल्प सरका अक्का, गरम आहेत! दामोदरअण्णांचा जीव की हो माझ्या मुद्द्यांवर. एक गिळला की दुसरा मागायचे!”

“मागायचा तर खीर,” आत्या म्हणाली.

“असेल. पण पोट मुद्द्यांनीच भरायचं.”

त्यांच्यात शिरली बाबांच्या खात्यातल्या सुमंतकाकांची काचेची बरणी, आणि तिच्यामागून सुमंतकाका. बरणीत लालभडक आंबवलेला कोबी. “सोलला असताना मी स्वतः घालायचो! दामोदरनं पहिला घास घेतला आणि म्हणाला, ‘सुमंत, अजून आहे?’” त्यांनी झाकण उघडलं. खोलीत असा वास पसरला की फोटोतले बाबा किंचित मागे सरकल्यासारखे वाटले!

“लसूण!” आत्या किंचाळली. “श्राद्धाच्या पानाला लसूण!”

“कोरियात चालतो.”

“मग कोरियात जा!”

झालं! हातभर पानावर सीमावाद पेटला. सुमंतकाका म्हणाले, वर्णानुक्रमे लावू, परिषदेत झेंडे लावतात तसे. आत्या म्हणाली, वयाप्रमाणे लावू. सोयराबाई म्हणाल्या, यजमान देश आम्ही, आम्हीच ठरवणार! आत्यानं खिरीची वाटी उजवीकडे ठेवली, काकांनी ती दोन बोटं सरकवली, सोयराबाईंनी मधल्या मोकळ्या पट्ट्यात मुद्दा उतरवला. या सगळ्यांवरून हात लांब करून देवश्रीनं शांतपणे थालीपीठ पानाच्या मध्यावर ठेवलं. “खरं तर बाबांना हे...”

“हे?” तिघं एकदम म्हणाली. इतका वेळ भांडणाऱ्यांची एका क्षणात आघाडी झाली!

आणि दारात नागोजी उभा. तीस वर्षं बाबांचा स्वयंपाकी. प्रत्येक बदलीला त्यांच्याबरोबर गेलेला, निवृत्तीनंतरही याच घरात राहिलेला. बाबा गेल्यावर आनेकलला मुलाकडे. हातात कागदाचा एक पुडा. सगळे त्याच्याकडे असे वळले, जणू आंतरराष्ट्रीय न्यायालयच आनेकलच्या बसमधून उतरलं होतं!

“नागोजी, तूच सांग,” आत्या म्हणाली. “दादा माझी खीर मागून खायचा की नाही?”

“खायचे की.”

“आणि माझे मुद्दे?” “आणि माझा कोबी?”

“तेही मागून खायचे,” नागोजी म्हणाला. “साहेबांचा नियमच होता तो. मला यांगोनला शिकवलेला. पाहुणा म्हणून गेलो आणि घास घशाखाली उतरेना, तर लगेच दुसऱ्यांदा मागायचं. मागणाऱ्यावर कुणाला संशय येत नाही!”

आत्याच्या हातातला खिरीचा डाव हवेतच राहिला.

“आणि आवडलं तर?” सोयराबाईंनी विचारलं.

“तर मागायचं नाही. हावरटपणा दिसतो.”

“खात्यात सगळेच पाळतात हा नियम,” सुमंतकाका सवयीनं बोलून गेले.

“असं का?” आत्या हळूच वळली. “म्हणजे गेल्या दिवाळीला तुम्ही माझी खीर तीनदा मागितलीत, ती...”

सुमंतकाका बरणीचं झाकण लावण्यात कमालीचे गुंतले.

नागोजीनं पुडा सोडला. कुरमुरे, वर कच्चं तेल, तिखट, मीठ. “मेजवानीहून आले की बूट न काढता ओट्याशी उभं राहून हे खायचे. दोन मुठी. तिसरी कधी मागितली नाही.”

आत्यानं स्वतःहून वाटी उचलली. “सरी, ठीक आहे,” म्हणत सोयराबाईंनी मुद्दा परत घेतला. देवश्रीनं थालीपीठ काढलं आणि पानावर दोन मुठी कुरमुरे ठेवले. एवढ्या मोठ्या पानावर तो ढीग अगदी एवढासा दिसत होता.

मग तिला रविवार आठवायला लागले. दुसरं थालीपीठ. कधीकधी तिसरं.

नागोजी जेवायला बसला तेव्हा ती त्याच्यापाशी आली. “नागोजी, खरं सांग. हेब्बाळहून परत आल्यावर बाबा...”

“रविवार एकसुद्धा चुकवला नाही साहेबांनी, अक्का. अंगात ताप होता तरी निघाले.”

“मी थालीपिठाचं विचारतेय.”

नागोजीनं एकदा फोटोकडे पाहिलं. ताटातल्या थालीपिठाचा मोठा तुकडा तोडला, तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिला. चेहऱ्यावरची एक सुरकुती हलेल तर शपथ!

“झकास झालंय!” तो म्हणाला. “अक्का, अजून एक वाढा.”