दमणारा कॉम्प्युटर

भेरेकाका रोज सकाळी घरामागच्या एका खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत. तिथे झाड नव्हते की रोप नव्हते. जमिनीतून फक्त तांब्याची एक पट्टी वर आलेली होती. ते घराचे अर्थिंग होते आणि त्यातले मीठ-कोळसा काकांनी स्वतःच्या हाताने भरले होते. पाणी ओतून झाले की ते म्हणत, "घे. आज तरी नीट चाल." हे बोलणे खड्ड्याशी नसे. ते घरातल्या कॉम्प्युटरशी असे. तो चालता चालता आपोआप बंद पडायचा.

काकांची सगळी नोकरी भातसानगरला, धरणावर झाली. निवृत्त झाल्यावर ते शहापुरात, कचेरीमागच्या गल्लीत राहायला आले. एक जुना कॉम्प्युटर घेऊन त्यांनी बाहेरच्या खोलीत मराठी टायपिंग सुरू केले. मी तेव्हा एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे आणि त्या त्यांच्याकडून टाइप करून घेत असे. दोन-तीन परिच्छेद झाले की कॉम्प्युटरच्या खोक्यातून 'टक्' असा आवाज येई आणि पडदा काळा होई.

"गेला!" काका खुर्चीत मागे टेकत.

"लाइट गेली?" गिऱ्हाईक विचारी.

काका छताच्या फिरत्या पंख्याकडे बोट दाखवत. "लाइट हाय. हा गेला."

भारनियमनाची ती वर्षे होती. लाइट जाण्याचे कुणाला काही वाटत नसे. लाइट असताना बंद पडणारे यंत्र मात्र गल्लीत हे एकच.

कारण शोधण्यात काकांनी कसूर ठेवली नाही. आयुष्य धरणावर गेल्यामुळे कोणत्याही बिघाडाचे त्यांचे निदान ठरलेले असे. "वरून दाब येतोय." त्यांनी प्लग बदलला, वायर बदलली. स्टॅबिलायझर आणला. तो घरघरू लागला, पण कॉम्प्युटर बंद पडायचा थांबला नाही. मग खड्डा झाला. मग वीज कंपनीला अर्ज झाला, आणि तो टाइप करतानाच कॉम्प्युटर दोनदा गेला. शेवटी शेजारणीच्या मिक्सरवर संशय आला. काम सुरू करण्याआधी काका खिडकीतून ओरडत, "वैशाली, मिक्सर लावू नको गो! अर्ज चाललाय!"

"मंग काय काका, चटणी पाट्यावर वाटू?"

"वाट की. चव येते!"

खोके उघडून बघणे, एवढेच त्यांनी केले नव्हते. त्याच्यावर निळ्या फुलांचे कापडी कव्हर होते, मागे नाडीने बांधलेले. कव्हराची पुढची बाजू वर टाकली की बटण दिसे. बाकीचे खोके कायम झाकलेले. त्यांच्या घरी रेडिओला, मिक्सरला, गॅसच्या सिलिंडरलासुद्धा तशीच कव्हरे होती. सगळी सुमनकाकूंनी शिवलेली. काकू जाऊन वर्ष उलटले होते.

बंद पडलेला कॉम्प्युटर लगेच सुरू होत नसे. "दमलाय तो. गार होऊ दे. च्या घेऊ," म्हणत काका आत जाऊन आधण ठेवत. चहाबरोबर धरणाचे दरवाजे उघडल्याच्या गोष्टी येत. गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत ऐकून घेई. पुढे स्टँडजवळ टायपिंगचे नवे दुकान निघाले. तिथे ना चहा मिळे, ना गोष्टी, पण अर्ज वेळेत मिळे. काकांकडची गिऱ्हाइकाची खुर्ची रिकामी राहू लागली.

"हा सुधारला नाय, तर गाशा गुंडाळायचा, पत्रकार," ते एकदा मला म्हणाले. "मंग इथं कोन येतंय?"

मुरबाडला दिनेश नावाचा कॉम्प्युटर-दुरुस्तीवाला होता. मी त्याला काकांकडे घेऊन गेलो. त्याने खोके भिंतीपासून ओढून तिरके केले, मागे हात नेला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"काका, इंजिन तापल्यागत तापलाय हा! गरम हवा मागून बाहेर पडते आन् तिथंच तुमी कापड बांधलंय. कव्हर काढा, चालंल."

"वरून दाब..."

"दाब बिब काय नाय." दिनेशने नाडीच्या गाठीला हात घातला.

"गाठीला हात नाय लावायचा!"

काकांचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. शेजारचा मिक्सरही थांबला.

दिनेशने हात मागे घेतला. काका खाली बघत बोलले, "सकाळी ती सोडायची. काम झालं की बांधायची. मला कव्हराला हात लावू द्यायची नाय, म्हनायची, तुमी फाडाल. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी बांधलं. मंग सोडायला आलीच नाय."

"म्हंजे कशानं बंद पडतो ते तुमाला ठावं होतं?"

काका स्टॅबिलायझरवरची धूळ पुसू लागले.

दिनेश म्हणाला, "गाठ ऱ्हाऊ द्या तशीच. मागच्या पंख्यापुरतं कापड कापतो."

काका आत गेले, काकूंच्या शिलाई मशीनच्या खणातली कात्री आणून त्याच्या हातात दिली आणि बादली घेऊन मागच्या दाराने बाहेर पडले. त्या दिवशीचे पाणी सकाळीच घालून झाले होते.

ते परत आले तेव्हा दिनेश निघून गेला होता. कापलेला तुकडा टेबलावर होता. काकांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि माझी बातमी टाइप करायला घेतली. पहिला परिच्छेद झाला, दुसरा झाला. तिसऱ्यापाशी त्यांची बोटे सवयीने थांबली. आवाज आला नाही. चौथा झाला. मागच्या भोकातून गरम वारा येत होता आणि गाठीची दोन टोके त्यात हलत होती. काका वाकून बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.

बातमीच्या दोनच ओळी उरल्या होत्या. त्यांनी आधीचा मजकूर सेव्ह केला आणि कॉम्प्युटर स्वतःच बंद केला.

"दमला असंल," ते म्हणाले. "बसा. च्या टाकतो."