पश्चिमेच्या भिंतीवरचं अक्षर

"मी काय घोडं मारलंय या अक्षराचं? सारखं डोळे वटारून बघतंय!" आमचे हे भिंतीशी उभे राहून पुटपुटत होते. बोलून गेले आणि जीभ चावली.

"ते नाही, तुम्ही बघायचंय! नजर अक्षरावर, मान उजवीकडे, डावीकडे. चला!"

बायांनो, मी पैज लावली होती स्वतःशीच! मेंढरं उन्हाळी कुरणावर निघायच्या आत नवरा खडखडीत बरा करीन, तोही गावाला पत्ता लागू न देता.

हिवाळ्यात त्यांना चक्कर सुरू झाली. मान वळवली की घर भिंगरीसारखं फिरायचं. एकदा अंगणात असे कोसळले, की माझ्या काळजाचं पाणी झालं. नारिन शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आतल्या कानाचा तोल गेलाय. हा व्यायाम यांच्यापुरताच बेतलाय. दिवसातून तीनदा." तेव्हापासून घरात घोड्याचं नाव नाही. चाळीस वर्षं खोगिरात काढलेला माणूस! तबेल्यापुढून जातानासुद्धा आम्ही दोघं आभाळाकडे बघायचो.

तर अनवाणी पाय, खाली घडी घातलेला लोकरीचा नमदा, समोर अक्षराचा कागद. भिंत नेमकी पश्चिमेची, मक्केच्या दिशेची निघाली! शेजारची सायरा दही द्यायला आली आणि खिडकीशीच थिजली.

"अगं बुर्माकान! तेमिरकुलभावजी नमाज पढायला लागले? आणि काय गं, आपण शेवटी दोनदा मान वळवतो, हे वीस वेळा वळवतायत!"

"भक्ती जास्त आहे," माझ्या तोंडून निघून गेलं.

झालं! संध्याकाळपर्यंत गावभर. दुसऱ्या दिवशी हे अंगणात दुसरा व्यायाम म्हणून टाचेला पायाचं बोट लावून, हात पसरून, डुलत डुलत चालले, तर लोक म्हणाले, ध्यान लागलंय! एरवी म्हणाले असते, सकाळीच चढवलीय.

मग गावातले सगळ्यांत वडीलधारे, जुमादिल अक्साकल, काठी टेकत आले; कानांनी जरा कमीच ऐकणारे. तीन वाट्या चहा प्यायले, दाढी कुरवाळली.

"तेमिरकुल, यंदा कुरणाकडे निघताना माझ्या जागी पहिला घोडा तुझा. देवभोळा माणूस पुढे असला की खिंडीत कुणाचा पाय घसरत नाही."

माझ्या हातातला चहा बशीत. खिंड! एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नुसती हवा! मी यांच्याकडे पाहिलं. नाही म्हणा, नाही म्हणा!

"बरं," हे म्हणाले. मेला अभिमान!

निघायच्या सकाळी अख्खा गाव गोळा. मी लगाम असा घट्ट आवळलेला, की घोडाच माझ्याकडे काळजीने बघत होता. यांनी रिकिबीत पाय घातला, अंग वर उचललं आणि मध्येच थांबले. चेहरा ताकासारखा पांढरा. एक पाय रिकिबीत, एक हवेत.

"काय झालं रे?" अक्साकल.

"काही नाही, ते दुआ म्हणतायत!" मी घाईघाईने. आता खोट्यालाही धाप लागली होती.

हे हळूच खाली उतरले. घोड्याच्या मानेवर कपाळ टेकलं.

"दुआबिआ काही नाही, अक्साकल. मला चक्कर येते. मला घोड्यावर बसायची भीती वाटते."

आता काठी बसते की काय म्हणून मी डोळे मिटले.

अक्साकलांनी इकडेतिकडे पाहिलं, वाकून यांच्या कानाशी गेले. पण बहिऱ्या माणसाचं कुजबुजणं ते! गावभर ऐकू गेलं.

"मलाही वाटते, बाळा. म्हणून तर तुला पुढे घातलं."