अमेरिकेची रद्दी आणि सातपाटीचा जवळा

बोईसरमध्ये हिप-हॉप मी आणलं. कुणाला पटो न पटो! आज जी पोरं टोपी उलटी घालून स्टेशनबाहेर हातवारे करतात, त्यांचे बाप वरातीत तोंडात रुमाल धरून नागीण नाचत होते, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये कोणता रॅपर कोणावर रुसलाय हे मी झोपेत सांगू शकत होतो. पण कोणी विचारलंच नाही, ते सोडा.

आमचे वडील, झुंबर गर्जे, पाथर्डीकडून इथल्या एमआयडीसीत आले आणि एका कागद कारखान्यात लागले. कारखान्यात परदेशातून रद्दीचे गठ्ठे यायचे. एकेक गठ्ठा गाभण म्हशीएवढा! अमेरिकेनं वाचून फेकलेलं सगळं बोईसरला लगदा व्हायला यायचं. माझं इंग्रजी सुधारावं म्हणून वडिलांनी साहेबाला विचारून त्यातलं एक मासिक घरी आणलं. मुखपृष्ठावर काळा चष्मा आणि गळ्यात बैल बांधायच्या दोरखंडाएवढी सोन्याची साखळी घातलेला एक गृहस्थ होता. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. ते कौतुकानं बघत म्हणाले, "मोठा माणूस दिसतोय. याच्यावानी हो."

आणि मी झालो! म्हणजे, सोनं सोडून.

त्यानंतर गठ्ठा फुटला की वडील माझ्यासाठी शोधून आणायचे. "चैनवाल्याचं पुस्तक घावलं रे," म्हणत पिशवीतून काढायचे. पानांना ओलसर, समुद्राचा आणि डिंकाचा मिळून एक वास यायचा. तोच माझा न्यूयॉर्कचा वास! गाणी मात्र ऐकायला मिळत नव्हती. बोईसरच्या कॅसेटवाल्याकडे रॅप मागितलं तर त्यानं मला गिफ्टवर गुंडाळायचा चकचकीत कागद काढून दिला. त्यामुळे कित्येक वर्षं मी हिप-हॉप नुसतं वाचलं. नवा अल्बम 'ड्रॉप' झाला असं छापून आलं की मला वाटायचं, पडला बिचारा! 'ड्रॉप' म्हणजे बाजारात येणं, हे कळेपर्यंत मी असा दिवसभर हळहळायचो. ईस्ट कोस्ट आणि वेस्ट कोस्टचं भांडण मात्र चटकन समजलं. आमच्याकडे रेल्वेच्या रुळांमुळे बोईसर ईस्ट आणि बोईसर वेस्टमध्ये तेच चालायचं.

वडिलांच्या जुन्या बॉयलर सूटची मी ढगळ पँट शिवून घेतली. टोपी उलटी घालून निघालो की आई, साखरबाई, मागून येऊन ती सरळ करायची. "ऊन लागंल रे डोळ्याला!" न्यूयॉर्कमध्ये कुठल्याच रॅपरला ही अडचण आली नसणार.

पुढे वडील गेले, कारखाना बंद झाला, मी दुसऱ्या कंपनीत स्टोअरला लागलो, लग्न झालं. मासिकं पत्र्याच्या ट्रंकेत घालून माळ्यावर ठेवली. अधूनमधून मान वर करून ट्रंकेकडे बघायचो. बँकेत ठेव असलेल्या माणसासारखं बरं वाटायचं.

आता माझी मुलगी स्वरा पालघरला कॉलेजात आहे. तिच्या दृष्टीनं मी म्हणजे वायफायचा पासवर्ड विसरणारा एक मनुष्य! तिचा एक रॅप करणारा ग्रुप आहे. त्याचा म्होरक्या मेहुल, स्टेजवरचं नाव एम. सी. बॉयलर. एका रविवारी तो घरी आला आणि पालघरच्या हॉलमध्ये त्यांचा मोठा कार्यक्रम असल्याचं सांगू लागला. बोलता बोलता म्हणाला, "काका, नाइन्टीज म्हणजे हिप-हॉपचा सुवर्णकाळ. पण तुमच्या पिढीला ते कुठलं माहीत असणार!"

मी चहाचा कप खाली ठेवला. आणि मग जो सुटलो! कोणाचा अल्बम, कोणाचं भांडण, कोण कुठल्या गल्लीतला. मेहुलचं तोंड उघडं ते उघडंच! शेवटी मी ठेवणीतला बाण सोडला. "त्या काळातली ओरिजिनल मासिकं आहेत माझ्याकडे. ट्रंकभर."

"पप्पा, खरंच?" स्वरा म्हणाली.

ती पाचवीत असताना मी तिची सायकल दुरुस्त केली होती, त्यानंतर पहिल्यांदाच ती माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती! मेहुल तर उभाच राहिला. "काका, कार्यक्रमात आपण त्यांचं प्रदर्शन लावू! तुम्ही चीफ गेस्ट! तुमचं भाषण!"

मी स्टूल घेतलं, माळ्यावर चढलो, ट्रंक खाली उतरवली. ढोलताशाच्या थाटात झाकण उघडलं.

आत दोन गोधड्या, स्टीलचा कुकर आणि मोदकपात्र.

"वर्षा!" मी ओरडलो.

आमची बायको, वर्षाराणी, हात पुसत आली. "काय झालं? सापडलं का मोदकपात्र? कधीची शोधतेय."

"यात माझी मासिकं होती!"

"ती चैनवाल्या गुंडांची? ती दिली की गेल्याच्या गेल्या दिवाळीत. सातपाटीच्या त्या मासळीवाल्या नवसीला. तिला मासळी बांधायला कागद हवा होता."

"दिली? अशीच?"

"अशीच कशाला? तिनं सुका जवळा दिला की बदल्यात. तुम्हीच बोटं चाटून खाल्लात. पुन्हा कर म्हणालात!"

मला भिंत धरावी लागली. म्हणजे नव्वदच्या दशकातलं सगळं हिप-हॉप मी कांद्यावर परतून भाकरीबरोबर खाल्लं होतं!

 स्वरानं मोबाइल काढला आणि त्यात बघायला लागली. सायकलीच्या वेळची नजर गेली! ते काही मला बघवेना.

"चला," मी म्हणालो. "सातपाटीला. आत्ता!"

तिघं रिक्षात बसलो. रिक्षावाला म्हणाला, "सातपाटी? मच्छी लेने जा रहे हो क्या, साब?" मी म्हणालो, "नहीं, किताब." तो पालघर येईपर्यंत आरशातून माझ्याकडे बघत होता.

सातपाटीला उतरलो तेव्हा बंदराजवळ बांबूंवर बोंबील वाळत होते आणि बायका घोळक्यानं बसून सुकी मासळी निवडत होत्या. नवसीचं घर मला माहीत नव्हतं. पण मनात तर वादळ! मी सरळ घोळक्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"माझी मासिकं कुठायत?"

सगळ्यांचे हात थांबले.

"कोनाची?" एकीनं विचारलं.

"माझी! एवढी वर्षं व्यवस्थित होती! आणि एकदम गेली!"

एका म्हाताऱ्या बाईनं कपाळाला हात लावला. "अगो बाय! पुरुषांना पन व्हतं हे?"

"काय होतं?"

"मासिक, तेच की! या वयाला जातंच ते, भाऊ. आमची पन गेली. मनाला लावून घेऊ नका. अंगातून जरा गरम वाफा येतील, चिडचिड व्हईल."

"चिडचिड तर व्हतेय, दिसतंयच," दुसरी म्हणाली.

मी मागे वळून बघितलं. स्वरा हूडीची टोपी नाकापर्यंत ओढून समुद्राकडे तोंड करून उभी होती. आपण या माणसाबरोबर नाही, बोंबील बघायला आलोय, असा तिचा आविर्भाव होता.

"काका," मेहुल दबक्या आवाजात म्हणाला, "मॅगझिन म्हणा, मॅगझिन!"

"हां! मॅगझिन! माझी मॅगझिन्स इथे लपवली आहेत कोणीतरी!"

पलीकडे जाळं विणत बसलेला एक आडदांड इसम ताडकन उठला. त्याचं नाव भिका, हे मला नंतर कळलं. "मॅगझिन? बंदुकीचं?"

"बंदुकीचं नाही हो! अमेरिकेहून आलेला माल आहे! गठ्ठ्यातून यायचा. माझे वडील कारखान्यातून बाहेर आणायचे."

"कंचा माल?"

"अहो, सोन्याच्या साखळ्या! एकेकाच्या गळ्यात हे एवढं सोनं! दातसुद्धा सोन्याचे!"

हे बोलताना आपण काय बोलतोय हे मला कळत होतं. पण तोंड थांबत नव्हतं. किनाऱ्यावरच्या गावांना पोलिसांनी बजावून ठेवलेलं असतं, की अनोळखी माणूस संशयास्पद बोलला तर कळवा. आणि माझ्याइतकं संशयास्पद तिथे त्या अरबी समुद्राच्या स्थापनेपासून कोणी बोललं नसेल! भिकानं माझा दंड धरला. "गोदीवर कोनाला भेटायचं होतं तुला? बोट कंची?"

"बोट नाही, रिक्षा!" मी किंचाळलो. "स्वरा, सांग ना यांना मी कोण आहे!"

स्वरा समुद्र बघत होती.

"फोन लाव रे पोलिसांना," भिका कोणाला तरी म्हणाला.  भाषणाचं राहू दे, आता जबानी द्यावी लागणार!

तेवढ्यात डोक्यावर पाटी घेऊन नवसी आली. तिनं पाटी उतरवली, मला निरखून बघितलं आणि हसत सुटली.

"अरे सोड त्याला, भिका! ह्यो बोईसरच्या वर्षावयनीचा नवरा हाय! जवला म्हनजे जीव की प्रान याचा!"

भिकानं दंड सोडला. जवळा खाणारा माणूस वाईट नसतो, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर उमटलं.

मी नवसीला सगळं समजावलं. या वेळी 'पुस्तकं' म्हणालो.

"ती व्हय!" नवसी म्हणाली. "तो कागद नाय चालत मासलीला. गुलगुलीत हाय, पानी पीतच नाय. मी दिली माझ्या भावाला. प्रदीपला. बोटी रंगवतो तो. चला, दावते."

आम्ही तिच्या मागून बंदरावर गेलो. आणि मी जो उभा राहिलो तो उभाच राहिलो.

समोर बोटी लागल्या होत्या. सातपाटीच्या बोटींवरची नावं मी लहानपणापासून बघत आलोय. सरळ, सालस अक्षरं! पण ही? 'जलराणी'तला ज भिजवलेल्या चण्यासारखा टम्म फुगला होता. 'दर्यादौलत'च्या मात्रांना बाण फुटले होते, रफाराला मुकुट होता, आणि सगळ्या अक्षरांच्या मागे जांभळी सावली. न्यूयॉर्कच्या आगगाड्यांवर पोरं जशी अक्षरं रंगवायची, तशीच, पण देवनागरीत! मासिकांतली तसल्या अक्षरांची पानं मी रात्रंदिवस बघितली होती. त्या अक्षरांच्या पोटात मराठी बसेल, हे मला कधी सुचलं नव्हतं.

आणि एका बोटीच्या केबिनवर काळा चष्मा, सोन्याची साखळी. वडिलांनी आणलेल्या पहिल्या मासिकावरचा तोच गृहस्थ! त्याच्या एका हातात पापलेट होतं.

"हा कोण?" मेहुलनं विचारलं.

"म्हाईत नाय," बोटीमागून पुढे येत प्रदीप म्हणाला. बारीक चणीचा, हाताला कायम निळा रंग लागलेला माणूस. "चेहरा बरा वाटला. मालकाला लोक इचारतात, सासरा हाय का तुमचा? पन दुसऱ्या बोटी जाल्याजवल येत नाय त्याला बघून."

"आणि पुस्तकं?" मी विचारलं.

"पावसाल्यात छत गलालं. लगदा झाला सगला." त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "तुमची व्हती का?"

वडील आठवले. गठ्ठ्यात खांद्यापर्यंत हात घालून माझ्यासाठी मासिक शोधायचे ते. शेवटी लगदा व्हायचाच होता तो कागद. वडिलांनी एक फेरा चुकवला, एवढंच. मी त्या साखळीवाल्याकडे बघत राहिलो आणि डोळे पुसले. बोंबलाचा वास झोंबतो हो डोळ्याला!

"पप्पा," स्वरा शेजारी येऊन उभी राहिली. हूडीची टोपी मागे गेली होती. "कसलं भारी आहे हे! हे सगळं तुमच्यामुळे?"

"मग!" मी म्हणालो.

मेहुल आधीच फोटो काढत बंदरभर पळत होता. प्रदर्शन आता बोटींच्या फोटोंचं लावायचं ठरलं, आणि स्टेजमागचा पडदा रंगवायचं काम प्रदीपला दिलं. मी भाषण लिहायला घेतलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट आणि त्यावर उलटी टोपी घालून पालघरला गेलो. हॉल गच्च भरलेला! पहिल्या रांगेत वर्षाराणी, तिच्या मागे नवसी आणि भिका. पुढचा पडदा वर गेला. मागच्या पडद्यावर फुगलेल्या, बाण फुटलेल्या अक्षरांत भलंमोठं 'हिप-हॉप'. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग मी खालची ओळ वाचली. बोटीच्या नावाखाली मालकाचं नाव घालायची प्रदीपची सवय. पुस्तकं कोणी दिली, हे त्यानं नवसीला विचारून घेतलं होतं.

'मालक : सौ. वर्षाराणी ज्ञानेश गर्जे.'

"आता चीफ गेस्ट!" मेहुल माइकवर ओरडला आणि पडदा वाचून क्षणभर गडबडला. "वर्षाकाकी!"

वर्षाराणी पदर सावरत स्टेजवर गेली. शाल आणि नारळ तिला मिळाला. माइक हातात आल्यावर ती जराही घाबरली नाही.

"मला त्यातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "मी एवढंच सांगेन. घरात पसारा साठवू नका. वेळच्या वेळी काढा!"

मेहुलनं मागे खूण केली आणि ढोलकीसारखा दणका सुरू झाला. "पसारा काढा!" तो गरजला. "काढा, काढा!" हॉलनं उत्तर दिलं. स्वरा पुढे झाली, आईचा हात धरून तिनं वर केला. नवसी खुर्चीवर चढून ओरडत होती, भिका दोन्ही हात हवेत फेकत होता. "पसारा काढा! काढा, काढा!"

मी भाषणाची घडी करून खिशात टाकली. न्यूयॉर्कच्या कोणत्या गल्लीत कोण जन्मलं, हे आता कोणाला ऐकायचं होतं? आणि तुमच्याशी खोटं कशाला बोलू, ताल चांगला होता. माझाही हात वर गेला.