झाकणताई विधानसभेला उभ्या राहतात

कोणाला विधानसभेत पाठवायचं आणि कोणाला आपल्याजवळ ठेवायचं, हा निर्णय जनता फार विचारपूर्वक घेत असते. तिला उगाच अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. ज्या वसाहतीची ही हकिगत आहे, तिथल्या चारशे बारा घरांनी हा विचार सलग एकवीस दिवस केला, आणि त्यातले बरेचसे दिवस अंधारात केला. (जिन्यांतले दिवे गेले होते. त्याचं कारण पुढे येईल.)

या वसाहतीत झाकणताई राहत. हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एकोणीस वर्षांपूर्वी रस्त्यातल्या गटाराचं झाकण चोरीला गेलं. नगरपालिकेला तीन अर्ज करून झाल्यावर ताई घरातली खुर्ची घेऊन त्या भोकाशेजारी बसल्या आणि तीन दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला "जपून हं" म्हणत राहिल्या. चौथ्या दिवशी झाकण आलं. ताई खुर्ची उचलून घरी गेल्या, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. तेव्हापासून वसाहतीत काहीही बिघडलं की ते ताईंच्या लांबट वहीत लिहिलं जायचं आणि मग दुरुस्त व्हायचं. या दोन गोष्टींच्या मध्ये नेमकं काय घडतं, याची चौकशी एकोणीस वर्षांत कोणीही केली नाही. (तशी गरजच पडली नाही.)

फक्त एक नोंद वहीत अकरा वर्षं तशीच पडून होती. वसाहत आणि दवाखाना यांच्या मधून ट्रकांचा मोठा रस्ता जातो आणि तो ओलांडायला पूल नाही. ताईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. अकरा वर्षांपूर्वी ते औषध आणायला पायी निघाले आणि दवाखान्यात पोचले ते स्ट्रेचरवरून. तेव्हापासून डावा पाय ओढत चालतात. त्यांच्यामागून आणखी चौदा जण त्याच पद्धतीने पोचले, दोघं पोचलेच नाहीत. नगरपालिका म्हणाली, रस्ता राज्याचा. राज्याचे साहेब म्हणाले, मागणी आमदारांमार्फत यावी. ताई आमदारांकडे सव्वीस वेळा गेल्या. पंचवीस वेळा आमदार दौऱ्यावर होते आणि सव्विसाव्या वेळी विश्रांती घेत होते. (दौऱ्याने थकवा येतोच.)

"मग मीच जाते," ताई एका सकाळी म्हणाल्या.

यजमानांनी डोळ्यावरचं भिंग न काढता विचारलं, "कुठे?"

"विधानसभेत."

"डबा घेऊन जा," यजमान म्हणाले.

वसाहतीला कोण आनंद झाला! चष्म्याच्या दुकानाच्या मालकांच्या अध्यक्षतेखाली अकरा जणांची प्रचार समिती लगेच उभी राहिली. (ताई आणि यजमान धरून अकरा.) "ताई, मतं मागायला जायचीसुद्धा गरज नाही," चष्मेवाले छातीवर हात ठेवून म्हणाले, "आपल्या घरचं कार्य आहे हे." सगळं कसं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात ताईंची निवडणूक कार्यालयातल्या कारकुनाशी गाठ पडली.

"ते दिवेबिवे बदलणं तेवढं थांबवा आता," कारकून म्हणाला. "मतदाराला उपकृत केल्यासारखं होतं."

"अहो, एकोणीस वर्षं बदलतेय मी!"

"तेव्हा तुम्ही उमेदवार नव्हता. आता ते आमिष झालं. एकवीस दिवस कोणाचंही काही काम करू नका, म्हणजे अर्जाला धक्का लागणार नाही."

ताईंचे प्रतिस्पर्धी, म्हणजे मावळते आमदार, या नियमाचं पालन पंधरा वर्षं निष्ठेने करत आले होते. ताईंना मात्र ते नवीन होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी पाण्याची मोटर नेहमीसारखी जाऊन बंद केली नाही आणि टाकी दोन तास धो धो वाहिली. ताई खिडकीत उभ्या राहून नुसते हात चोळत राहिल्या. अर्जासाठी, म्हणजे पुलासाठी, हे सोसायलाच हवं होतं.

समितीने तातडीने 'पर्यायी व्यवस्था उपसमिती' नेमली. सहाव्या दिवशी जिन्यातला पहिला दिवा गेला, तेव्हा उपसमितीने या प्रश्नावर चार बैठका घेतल्या. पहिल्या बैठकीत, दिवा गेला आहे, हे एकमताने मान्य झालं. दुसऱ्या बैठकीत असं निष्पन्न झालं की वसाहतीतली एकमेव शिडी ताईंच्या घरी आहे, आणि उमेदवाराची शिडी घेणं म्हणजे उपकृत होणं. तिसरी बैठक पुरेसे सदस्य न आल्याने तहकूब झाली. चौथ्या बैठकीला सदस्य आले, पण तोवर बाकीचेही दिवे गेले होते, त्यामुळे ते जिना चढू शकले नाहीत. बाराव्या दिवशी गटाराचं झाकण पुन्हा चोरीला गेलं. उपसमितीने भोकाशेजारी एक सूचनाफलक लावला आणि तिसऱ्या दिवशी तो भोकात पडला.

ताई घरोघर मतं मागत फिरत होत्या, पण त्यांचा जीव तुटत होता. प्रचाराचा हिशेब असा: भेट दिलेली घरं चारशे बारा, मताचं वचन देणारी घरं चारशे दहा, मताच्या बदल्यात तक्रार हातात ठेवणारी घरं तीनशे सत्त्याण्णव. (वचन न दिलेल्या दोन घरांना कुलूप होतं. त्यांनी तक्रार दारावर चिकटवली होती.)

"मत तुम्हालाच हो ताई, हे काय सांगायला हवं?" शिवणकाम करणाऱ्या मावशी अंधाऱ्या दारात मेणबत्ती धरून म्हणाल्या. "पण निवडून आल्यावर तुम्ही राजधानीत राहणार का?"

"अधिवेशनापुरती. पुलाचं काम मंजूर करून घेईपर्यंत तरी राहावंच लागेल."

"आणि मोटर? आमच्या पेन्शनचे अर्ज?"

"उपसमिती आहे ना."

मावशींनी जिन्याकडे पाहिलं. "हो," त्या म्हणाल्या, "आहे खरी."

एव्हाना घराघरांत शांतपणे विचार सुरू झाला होता. मावळत्या आमदारांना वसाहतीत पंधरा वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं. ते राजधानीत गेल्यामुळे इथली एकही टाकी वाहिली नव्हती. घर आवरताना आपण काय करतो? लागणारी वस्तू हाताशी ठेवतो आणि न लागणारी माळ्यावर टाकतो. मग विधानसभेलाच वेगळा न्याय का? शिवाय, प्रत्येकाने मनाशी धरलं, आपलं एक मत नाही पडलं तर काय बिघडतंय, बाकी सगळे देतीलच की ताईंना.

निकाल लागला. ज्या भागांत ताईंना कोणी ओळखत नव्हतं, तिथे त्यांना भरघोस मतं पडली. त्या हरल्या आठशे मतांनी. त्यांच्या स्वतःच्या वसाहतीच्या केंद्रावर नऊशे तीन जणांनी मतदान केलं होतं आणि ताईंना त्यातली सहा मतं होती.

"सहातलं एक माझं," यजमान म्हणाले. "लंगड्याला पूल लागतो बाई."

"एक माझं," ताई म्हणाल्या. "उरलेली चार?"

यजमानांनी बराच विचार केला. "गडबडीत चुकले असतील बिचारे."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ताईंच्या दाराशी रांग लागली. पुढे चष्मेवाले होते. त्यांच्या एका हातात मानपत्र होतं आणि दुसऱ्या हातात बल्ब.

"मनाला लावून घेऊ नका ताई," ते बल्ब पुढे करत म्हणाले. "तुमच्यावर जीव आहे हो आमचा. त्याला इलाज नाही. तेवढी शिडी..."

ताईंना रडू आलं आणि रागही आला. त्या आत जाऊन शिडी घेऊन आल्या. नऊ वाजेपर्यंत जिने उजळले, मोटर वेळेवर बंद झाली आणि गटाराच्या भोकाशेजारी खुर्ची आली. त्या खुर्चीपाशी मावशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, आता तुम्ही मोकळ्याच आहात, तर त्या पुलाचं तेवढं बघा की. काल माझ्या नातीला ट्रक अगदी घासून गेला हो."

दुपारी ताई सत्ताविसाव्या वेळी आमदारांकडे गेल्या. आमदार आभार दौऱ्यावर होते.

या वसाहतीतल्या लोकांना हसण्याचं कारण नाही. तुमच्या जिन्यातला दिवा गेल्या वर्षात किती वेळा गेला? आठवत नसेल, तर तो गेलाच नाही असं समजू नका; कोणीतरी शिडी लावली होती. ती व्यक्ती उद्या निवडणुकीला उभी राहिली, तर तिला पाठवायचं की जवळ ठेवायचं, हे तुम्ही विचारपूर्वक ठरवालच. फक्त उमेदवारांच्या यादीत तिला शोधावं लागेल. नाव माहीत आहे ना तिचं?